चाकाखालचा दगड

मध्यस्थी हा प्राध्यापकाचा जोडधंदा आहे, असे आमच्या नातेवाइकांचे ठाम मत आहे. ज्याला रोज तीन-चार तास न ऐकणाऱ्या माणसांसमोर बोलायची सवय आहे, तो कोणालाही काहीही पटवून देऊ शकेल, असा त्यामागचा हिशेब असावा. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही मामांकडे निघालो, तेव्हा पुण्यातल्या माझ्या मामेभावाने असेच एक काम माझ्या गळ्यात घातले.

"दादा, बाबांना एवढे पटवून दे. ती जीप आता भंगारात काढा म्हणावे. सत्त्याहत्तर वर्षांचे झाले. तिचा हातब्रेक लागत नाही. उद्या घाटात काही झाले म्हणजे?"

"तू का नाही सांगत?"

"मी दर रविवारी फोनवर सांगतो. ते 'बरं' म्हणतात आणि सोमवारी तिच्यातूनच बाजाराला जातात."

शिवाय जीपच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पंधरा वर्षांवरील खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. हातब्रेक न धरणारी गाडी त्या परीक्षेत नापास होणार, हे उघड होते. तेव्हा माझे काम फारसे अवघड नाही, असे समजून मी सहकुटुंब सोलापूरच्या गाडीत बसलो.

मामांचे गाव तुळजापूरच्या घाटाखाली, मोठ्या रस्त्यापासून तीन-चार किलोमीटर आत आहे. जिल्हा धाराशिव. जिल्ह्याचे हे नाव २०२३ साली सरकारी कागदावर आले; पण धाराशिव शहराजवळ डोंगरात खोदलेली प्राचीन लेणी लोक पूर्वीपासून धाराशिवची लेणी म्हणूनच ओळखतात. 'उस्मानाबाद' हे मधले नाव निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलेले. मामा आजही बोलताना दोन्ही नावे आलटून पालटून वापरतात आणि दोन्ही नावांनी एस.टी. त्यांना बरोबर ठिकाणी पोहोचवते.

सोलापूर मागे पडले की जमीन काळी होत जाते आणि समोर बालाघाटाच्या डोंगराची कड दिसू लागते. कोजागिरीच्या सुमारास हा रस्ता तुळजापूरला चालत निघालेल्या भक्तांनी फुललेला असतो. आम्ही गेलो तेव्हा ती गर्दी ओसरली होती. सोयाबीनची मळणी झालेली, तूर फुलावर आलेली, आणि रब्बीची ज्वारी मातीतून नुकती डोके वर काढत होती.

फाट्यावर मामा जीप घेऊन उभे होते. पांढरे धोतर, डोक्यावर टोपी, आणि शेजारी ती उंच नाकाची, हिरवा रंग उडालेली गाडी. हे उंच नाक विलिस कंपनीच्या १९५३ सालच्या नमुन्याचे. इंजिनच उंच होते म्हणून त्यावरचे झाकणही उंच करावे लागले. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जन्मलेली ही जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी आपल्याकडे आणली आणि पुढे त्यांच्या कारखान्यात तिच्या कितीतरी पिढ्या तयार झाल्या. मामांनी आपली जीप सरकारी लिलावात घेतली. त्या काळी रस्ता नसलेल्या गावांना चारी चाकांनी चिखल तुडवणारी गाडी हाच रस्ता होता.

आमचे चिरंजीव बारा वर्षांचे. त्यांना गाडीत सर्वांत आधी दिसला तो मागच्या बाकाखालचा दगड. चांगला नारळाएवढा, एका बाजूने सपाट, काळा.

"आजोबा, हा कशाला?"

"तो आमचा क्लीनर हाय," मामा म्हणाले. "पगार मागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे देवीच्या दर्शनाला निघालो. पुढे मामा आणि मी. मागे मामी, आमची सौभाग्यवती आणि दगडाचे नवे मदतनीस म्हणून चिरंजीव. घाट चढताना मी मनातल्या मनात भाषणाची जुळवाजुळव करीत होतो. विषयप्रवेश झाला होता, मुख्य मुद्द्याकडे वळणार, तोच पुढचा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट मधोमध थांबला. मामांनी ब्रेक दाबला. जीपने एक आचका दिला आणि इंजिन बंद पडले. मागे भक्तांनी भरलेली बस होती, आणि ती फार मागे नव्हती.

"हातब्रेक ओढ!" मामा म्हणाले.

डॅशबोर्डखालची मूठ मी सगळ्या ताकदीने ओढली. ताकद अगदीच वाया गेली. विहिरीतून रिकामी बादली वर यावी, तशी ती मूठ अलगद माझ्या हातात आली. मामांनी इंजिन चालू करून ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेला, तेवढ्या क्षणात जीप दोन हात मागे सरकली. बसच्या ड्रायव्हरने जो हॉर्न दिला, तो अजून माझ्या कानात आहे. मामांचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला.

"दगड लाव पोरा!"

चिरंजीवांनी मागून उडी मारली आणि दगड चाकाखाली सरकवला. जीप त्यावर टेकली आणि थांबली. मामांनी शांतपणे पहिला गिअर टाकला, गाडी पुढे काढली. चिरंजीव दगड उचलून पळत पळत मागून चढले. आमच्या सौभाग्यवतीचा चेहरा पांढरा पडला होता. मामी मात्र पदर सावरून म्हणाल्या, "दर खेपेला असंच हाय. म्हणून तर देवीला जातो आमी."

माझ्या भाषणाची आता गरज उरली नव्हती. पुरावा प्रत्यक्ष सादर झाला होता. तरी मी म्हणालो, "मामा, ही आता भंगारातच द्यायला हवी."

मामा काही बोलले नाहीत. घाट संपेपर्यंत ते समोर पाहत राहिले. मग म्हणाले, "एकदा अजून दाखवू. एवढा एकदाच. न्हाई झालं तर तुमी म्हणताल तसं."

बायकामंडळी आणि चिरंजीव दर्शनाच्या रांगेकडे गेले आणि आम्ही गावाबाहेरच्या एका गॅरेजात आलो. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे, एक लिंबाचे झाड आणि तेलाने काळी झालेली जमीन. मिस्त्री सत्तरीचे, दाढी पांढरी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मामांनी गाऱ्हाणे सांगितले. आजवर लायनर चार वेळा बदलले. दर वेळी दोन-तीन महिने ब्रेक धरतो, मग पुन्हा घसरतो. मग कोणी केबल ताणून देतो, कोणी मुठीला शिव्या देतो.

"सील किती वेळा बदललं, मालक?" चाचांनी विचारले.

"तीनदा. सील बी नवं, तरी तेल येतंच."

चाचा गाडीखाली शिरले आणि मलाही वाकून पाहायला सांगितले. मराठीचा प्राध्यापक जीपखाली डोके घालून बसला आहे, हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिले नाही, ही देवीची कृपा. पण त्या अर्ध्या तासात जे कळले ते इथे सांगण्यासारखे आहे.

आपल्या नेहमीच्या मोटारीत हातब्रेक बहुधा मागच्या चाकांना धरतो. या जुन्या जीपमध्ये तो चाकांपाशी नसतोच. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी एक पेटी गाडीच्या मध्यावर असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून मागच्या चाकांकडे एक लांब दांडा फिरत जातो. पेटीच्या पाठीशी, त्या दांड्याच्या तोंडावरच एक ड्रम बसवलेला असतो आणि त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात. मूठ ओढली की केबल ताणते, पट्ट्या फाकतात आणि ड्रमला आतून आवळून धरतात. दांडा थांबला की चाके थांबली. रहाटाच्या चाकाला न धरता त्याच्या आसालाच धरावे, असा हा प्रकार. मागच्या आसातल्या दात्यांच्या प्रमाणामुळे दांड्यावरची थोडी पकडही चाकापाशी चार-पाचपट होते. शिवाय फोर-व्हीलचा दांडा टाकलेला असला, तर तोच ब्रेक पुढच्या चाकांनाही धरतो. योजना मोठी हुशारीची आहे.

"पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या, सर," चाचा म्हणाले. "चालत्या गाडीत हा ब्रेक ओढायचा न्हाई. सगळा झटका दांड्याला आन् आसाला बसतो. आन् मागचं एक चाक जॅकवर उचललं, तर ह्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं न्हाई. उचललेलं चाक मोकळं फिरतं, गाडी निसटती."

"पण हा धरत का नाही?"

"ब्रेक बिचारा काय करंल? तुमी त्याला रोज तेल पाजायलाव."

त्या पेटीत दात्यांसाठी तेल असते. दांडा जिथून बाहेर पडतो तिथे तेल अडवायला रबराचे सील असते आणि सीलला लागूनच तो ड्रम. सील पाझरले की तेल सरळ ब्रेकच्या पट्ट्यांवर. तेल प्यायलेली पट्टी ड्रमला धरणार कशी? मग केबल कितीही ताणा. इथवर पूर्वीच्या मिस्त्र्यांनाही कळले होते. म्हणून तर त्यांनी लायनर आणि सील दोन्ही बदलले. पण नवे सील पुन्हा का पाझरते, हे कोणी विचारले नव्हते.

चाचांनी दांडा सोडवला नाही, ड्रम उघडला नाही. त्यांनी पेटीच्या वरच्या अंगावरून हात फिरवला. तिथे काळ्या मातीचा आणि तेलाचा बोटभर थर वाळून दगड झाला होता. स्क्रू-ड्रायव्हरने तो खरवडता खरवडता खाली बोराएवढी एक टोपी दिसू लागली. चाचांनी तिच्या छिद्रात बारीक तार घातली. घाट चढून आलेली पेटी अजून गरम होती. तार आत जाताच आतून बारीकसा आवाज आला, कोणी उसासा टाकावा तसा.

"हा ब्रीदर," चाचा म्हणाले. "गाडी तापली की आतली हवा फुगती. तिला भायेर पडायला ही वाट ठेवलेली असती. ही वाट मातीनं बुजली, मग हवा काय करंल? सीलच्या कडंनं तेलाला घेऊन भायेर येती. सील दहा बदला, काय उपेग?"

काळ्या मातीतून वर्षानुवर्षे धावलेली गाडी. कंपनीचा दोष नाही, सीलचा नाही, ब्रेकचा तर नाहीच. एका छिद्रावर माती बसली होती.

मग पुढची कामे रीतसर सुरू झाली. चाकांना दगड लावले, तेल काढले, दांड्याचे बोल्ट सोडवले. ड्रम निघाल्यावर आतल्या पट्ट्या तेलाने चमकत होत्या. त्या पेट्रोलने धुऊन वापरता येतील का, असे मी विचारले. चाचांनी मान हलवली. एकदा तेल मुरलेले लायनर तापले की पुन्हा तेल सोडतेच. जुने लायनर उतरवून ते लोखंडी कमानींवर नवे लायनर रिबिटांनी ठोकायला बसले. मी आणि मामा लिंबाखालच्या बाकावर बसलो.

"मामा," मी म्हणालो, "तीस वर्षे एका ब्रेकचा एवढा ध्यास का?"

मामा बराच वेळ हातोडीकडे बघत होते.

"त्र्याण्णव सालापासनं," ते म्हणाले.

मराठवाड्यात 'त्र्याण्णव साल' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि इकडचे सास्तूर या पट्ट्यातली गावे जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. इथली जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरेच माणसांच्या अंगावर आली.

"सकाळी बातमी आली," मामा सांगू लागले. "चार पोरं घेतली, पाण्याच्या घागरी, भाकरी, आन् निघालो. सास्तूरच्या बाजूचं एक गाव. गावाचं नाव आता नगं. गल्ली उताराची. गाडी उभी केली, हातब्रेक ओढला, तर धरंना. पाय काढला की गाडी मागं. आन् मागं तर माणसं आणून ठेवायलेत. मी तसाच पाय दाबून बसलो. माझी पोरं दगड उपसायलेत, लोक हाका मारायलेत, 'अण्णा, या, हात लावा,' आन् मला खाली उतरताच येईना. मागं वळून बघायचा धीर बी झाला न्हाई. किती वेळ बसलो ठावं न्हाई."

"मग?"

"एक म्हातारी आली. पडलेल्या भिंतीतला एक दगड तिनं उचलला, चाकाखाली ठिवला. म्हणाली, 'उतर लेकरा, आता हात लाव.' भिंत तिचीच हुती. मी उतरलो. पहिला हात लावला तो तिच्याच घरात."

चाचांची हातोडी थांबली होती. थोड्या वेळाने ती पुन्हा चालू झाली.

"दगड तसाच गाडीत ऱ्हायला," मामा म्हणाले. "कुठं टाकणार तो?"

"हे तुम्ही कधी कोणाला सांगितले नाही?"

"कोण इचारलं?" मामा म्हणाले. "पोरगं फोन करतं, ब्रेक झाला का म्हणून इचारतं. म्या म्हणतो, न्हाई झाला."

दर्शनाहून मंडळी परतली तेव्हा काम संपत आले होते. नवे सील, नवे लायनर, केबलला ग्रीस. चाचांनी ड्रम हाताने फिरवत पट्ट्या किंचित घासेपर्यंत आवळल्या आणि मग जराशा सैल केल्या. ब्रेक न ओढताही पट्टी घासत राहिली, तर ड्रम तापतो आणि लायनर जळते. शेवटी गॅरेजसमोरच्या चढावर जीप नेऊन, गिअर काढून त्यांनी मूठ ओढली आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितले. जीप एक बोटभर डुलली, कारण दांड्याच्या सांध्यांतली ढिलाई तेवढी असतेच, आणि थांबली. मामा सर्वांत शेवटी उतरले. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि चष्मा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी मामांनीच टूम काढली, "चला, नळदुर्गला जाऊ."

बोरी नदीच्या काठचा हा किल्ला मराठी माणसाने एकदा तरी पाहावा. हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे नाके. १८५३ च्या करारानंतर हा जिल्हा काही वर्षे इंग्रजांकडे आला, तेव्हा 'एका ठगाची जबानी' लिहिणारा कर्नल मेडोज टेलर इथला अधिकारी होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापुराहून निघाल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी इथला बोरीवरचा पूल शाबूत हाती घेतला आणि नळदुर्ग सर केले. पण माणसे इथे येतात ती पाणीमहालासाठी. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, नदीवर आडवा बांध घालून शेजारचा रणमंडळ किल्ला मुख्य किल्ल्याला जोडला आणि त्या बांधाच्या पोटातच हा महाल बांधला. बांधावरून पाणी दोन वाटांनी खाली कोसळते, त्यांना नर आणि मादी म्हणतात. आपण आतल्या सज्जात उभे राहायचे. समोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि अंगावर थेंब येत नाही.

मामांनी जीप चढावर उभी केली, मूठ ओढली आणि आमच्याबरोबर चालू लागले. मामी हळूच म्हणाल्या, "दर खेपेला गाडीतच बसून ऱ्हातेत. आज पयल्यांदा आले."

पाऊस संपून महिना झाला होता, तरी दोन्ही धारा बारीक पडत होत्या. चिरंजीवांनी शंका काढली, "चारशे वर्षं एवढं पाणी अडवूनही ही भिंत पडली कशी नाही?"

मी उत्तर जुळवत होतो. मामाच म्हणाले, "वाट ठिवलीय की पाण्याला. नुसतं अडवलं असतं तर कवाच गेली असती."

रात्री मामेभावाचा फोन आला. "काय दादा, पटले का बाबांना?"

"हातब्रेक झाला आहे," मी म्हणालो. "नोंदणीच्या तपासणीला गाडी न्यायची आहे. तू ये, तूच ने त्यांना. आणि घाटातून जाताना त्यांना त्या दगडाबद्दल विचार."

"कुठला दगड?"

"विचार म्हणजे सांगतील."

तो जानेवारीत गेला. जाताना दोन दिवसांची रजा काढली होती, राहिला आठ दिवस. गाडी तपासणीत पास झाली. घाटात बापलेकांचे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. पण आता तो रविवारी फोन करतो तेव्हा ब्रेकविषयी विचारत नाही, आणि फोन पूर्वीपेक्षा बराच वेळ चालतो, असे मामी सांगतात. भंगाराचा विषय पुन्हा निघालेला नाही.

दगड अजून बाकाखालीच आहे. आता त्याची गरज काय, असे चिरंजीवांनी निघताना विचारले होते. त्यावर मामांनी चाचांचाच दाखला दिला. ब्रेक कितीही चांगला झाला, तरी उतारावर गाडी सोडून जाताना चाकाला दगड लावावाच.